यादवीतला लंगर : निजामशाही नगरमधील दानधर्म (लेखांक चौथा)

निजामशाहीच्या काळात अहमदनगर शहरातील गोरगरिबांना मिळणारे साहाय्य कोणत्या उत्पन्नातून येत होते आणि कोणाच्या नावाने वाटले जात होते, हा प्रश्न सोळाव्या शतकाच्या अखेरीस नुसता जमाखर्चाचा राहिला नाही. शहरात यादवी माजली तेव्हा त्याच प्रश्नापायी लोकांच्या घरादारावर आणि जिवावर बेतले. याची सर्वांत स्पष्ट साक्ष कोठला या नगरच्या अन्नछत्राचा इतिहास देतो.

पहिल्या बुऱ्हाण निजामशहाने १५३७ च्या सुमारास शाह ताहिर या इराणहून आलेल्या विद्वानाच्या प्रभावाखाली शिया पंथ स्वीकारला आणि त्याच सुमारास किल्ल्याच्या परिसरात ‘लंगर-ए-दुवाझदा इमाम’, म्हणजे शियांना पूज्य असलेल्या बारा इमामांच्या नावाचे अन्नछत्र, उभारले. तेच पुढे कोठला म्हणून ओळखले गेले. त्याच्या खर्चासाठी काही गावांचा महसूल तोडून देण्यात आला. अशा नेमणुकीत गावचा वसूल खजिन्यात न जाता संस्थेच्या कामी लागे, त्यामुळे चूल रोज पेटण्याची सोय होई. मात्र ती नेमणूक शहाच्या मर्जीवर आणि गावच्या पिकावर टिके. त्याच वेळी सुन्नी विद्वानांच्या चालू नेमणुका बंद करून त्या शियांकडे वळवण्यात आल्या. या बदलाविरुद्ध मुल्ला पीर मुहम्मद याच्या पुढाकाराने उठाव झाला व तो मोडून काढण्यात आला. दानाची ही व्यवस्था अशा रीतीने पहिल्या दिवसापासून एका पक्षाशी बांधली गेली, आणि तिचे खरे दुखणे तिथेच होते.

याच शहरात दानाचे दुसरे प्रकारही होते. भिंगारच्या बाजूची, १५६७ च्या सुमारास सरदार साहिरखान याने बांधलेली दमडी मशीद किल्ल्याचे बांधकाम करणाऱ्या मजुरांनी एकेक दमडी, म्हणजे तांब्याचे अगदी हलके नाणे, बाजूला टाकून जमवलेल्या पैशांतून उभी राहिली, असे परंपरा सांगते. शहरात कापूरवाडी, शेंडी-वडगाव अशा ठिकाणांहून खापरी नळांनी, म्हणजे भाजलेल्या मातीच्या नळांनी, पाणी खेळवले होते. हौदावर घागर भरणाऱ्याला त्याचा पंथ कोणी विचारण्याचे कारण नव्हते.

लंगर मात्र सत्तेच्या आधारावर उभा होता, आणि ती सत्ताच पुढे डळमळली. १५८८ साली मिरान हुसेनने आपला पिता मुर्तजा निजामशहा याचा वध केला. पुढच्या वर्षी परदेशी वजीर मिर्झाखान याने मिरान हुसेनलाच मारले, तेव्हा जमालखानाच्या नेतृत्वाखाली दक्षिणी आणि हबशी शहरात उठले. दक्षिणी म्हणजे पिढ्यान्‌पिढ्या येथेच वाढलेले मुसलमान, हबशी म्हणजे आफ्रिकेतून आलेले, तर ‘गरीब’ किंवा आफाकी म्हणजे इराण व मध्य आशियातून आलेले परदेशी. या उठावात नगरमध्ये आफाकींची सरसकट कत्तल झाली. इतिहासकार फिरिश्ता त्या वेळी शहरातच होता आणि कसाबसा वाचून विजापूरला गेला. जमालखान महदवी पंथाचा असल्याने राज्याचा पंथ बदलला, आणि १५९१ मध्ये दुसरा बुऱ्हाण गादीवर येताच तो पुन्हा शिया झाला.

लंगरावर खरा घाव बसला तो १५९५ साली. दुसऱ्या बुऱ्हाणच्या मृत्यूनंतर सरदारांचे गट आपापले वारस पुढे करून लढू लागले, आणि हबशी सरदारांपुढे हतबल झालेल्या, दक्षिणी गटाच्या मियाँ मंजूने अकबराचा मुलगा मुराद याला मदतीला बोलावले. डिसेंबरात मोगल सैन्य नगरपुढे उतरले, तेव्हा मुरादने शहर व बुऱ्हाणाबाद या उपनगरातील रयतेला अभय जाहीर केले होते. परंतु कट्टर सुन्नी म्हणून ओळखला जाणारा शाहबाजखान कंबू याच्या माणसांनी बारा इमामांचा लंगर आणि भोवतालची वस्ती लुटली. अन्न वाटण्याची जागा ही खरे तर कोणत्याही सैन्याने हात न लावण्याची जागा; पण लुटारूंच्या लेखी ती शत्रुपंथाची मालमत्ता होती. मुराद आणि मोगल सेनापती खानखाना यांनी काही लुटारूंना शासन केले, तरी गेलेला विश्वास परत आला नाही आणि रातोरात लोक घरे टाकून निघून गेले. किल्ला निजामशाही घराण्यातील चाँदबीबीने लढवला व १५९६ च्या तहात वऱ्हाड देऊन तो वाचवला. उघडे पडलेले शहर मात्र किल्ल्याच्या तटाबाहेर होते.

पुढे १६३० नंतरच्या भीषण दुष्काळात, निजामशाहीशी युद्ध चालू असतानाच, शाहजहानने बुऱ्हाणपूर येथे लंगर उघडले आणि वीस आठवडे दर सोमवारी पाच हजार रुपये वाटण्याचा हुकूम दिला. म्हणजे ज्याच्या फौजांची दख्खनवर स्वारी चालू होती, त्याच्याच छावणीच्या शहरात भुकेल्यांना अन्न मिळत होते. एकूण एक लाखाची ही रक्कम बादशाही उत्पन्नाच्या मानाने फारच अपुरी होती, हे स्पष्ट म्हटले पाहिजे.

कोठल्याची वास्तू आजही उभी आहे आणि मोहरमात बारा इमामांच्या सवारीपुढे नगरचे हिंदू व मुसलमान दोघेही नवस फेडतात. १८७६-७७ च्या दुष्काळात नगर जिल्ह्यात सरकारी मदतकामे आणि खासगी दानधर्म यांची सांगड कशी घातली गेली, याचा विचार पुढील लेखांकात केला जाईल.