परदेशी ग्राहकांसाठी व्हिजिटिंग कार्डाची पुनर्रचना : मुंबई उपनगरांच्या संदर्भात

प्रस्तावना

निर्यात व्यवहारात पहिल्या भेटीनंतर ग्राहकाच्या हाती उरते ते विक्रेत्याचे व्हिजिटिंग कार्ड. स्थानिक ग्राहक त्यातील संदिग्धता एका दूरध्वनीने दूर करू शकतो. परदेशी ग्राहकास मात्र बहुधा कार्डावरील चार-पाच ओळींवरच विसंबावे लागते. परदेशासाठी कार्ड तयार करणे म्हणजे त्याची सजावट करणे नव्हे, तर अपरिचित वाचकास चुकण्यास वाव न ठेवणे होय. प्रस्तुत लेखात नाव, पत्ता, दूरध्वनी आणि भाषा या चार अंगांनी या प्रश्नाचा विचार केला आहे.

नावाचा क्रम

मराठी नावात स्वतःचे नाव, वडिलांचे किंवा पतीचे नाव आणि आडनाव असे तीन घटक असतात. शालेय व शासकीय कागदपत्रांत मात्र आडनाव अनेकदा आरंभी येते. ‘सचिन रमेश तेंडुलकर’ हे नाव ‘तेंडुलकर सचिन रमेश’ असे छापल्यास युरोपीय वाचक ‘रमेश’ हेच आडनाव समजेल. उलटपक्षी चीन, जपान, कोरिया व हंगेरी येथे आडनाव आधी लिहिण्याची प्रथा आहे. जपान सरकारने तर १ जानेवारी २०२० पासून शासकीय कागदपत्रांत रोमन लिपीतही हाच क्रम स्वीकारला. यावर सोपा उपाय म्हणजे रोमन लिपीत आडनाव कॅपिटल अक्षरांत छापणे. त्यामुळे क्रम कोणताही असला तरी अर्थ स्पष्ट राहतो.

ही बाब केवळ शिष्टाचाराची नाही. व्हिसासाठीचे निमंत्रणपत्र कार्डावरून तयार झाले आणि पारपत्रावरील नाव वेगळे निघाले, तर प्रवासच अडचणीत येऊ शकतो. विवाहानंतर व्यवसायात एक आडनाव व पारपत्रावर दुसरे असलेल्या स्त्रियांनी याकडे विशेष लक्ष द्यावयास हवे.

पत्ता आणि दूरध्वनी

अंधेरी, बोरिवली, घाटकोपर, मुलुंड या प्रत्येक उपनगराचे लोहमार्गामुळे पूर्व व पश्चिम असे दोन भाग पडतात. स्थानिकास स्वयंस्पष्ट असलेला हा भेद परदेशी व्यक्तीस ठाऊक नसतो. ‘पूर्व’ हा शब्द गळल्यास पत्र वा पाहुणा रुळांच्या भलत्याच बाजूस पोहोचतो. मुलुंड पश्चिमेचा पिनकोड ४०००८०, तर पूर्वेचा ४०००८१ आहे. म्हणून दिशा व पिनकोड दोन्ही पूर्ण लिहावेत. १९७३ मध्ये स्थापन झालेले सीप्झ हे याहून बोलके उदाहरण आहे. त्याच्या मूळ नावात ‘सांताक्रूझ’ असले तरी हे निर्यात क्षेत्र अंधेरी पूर्वेस आहे. तेथील उद्योजकाने पत्त्यात ‘अंधेरी पूर्व’ आणि ४०००९६ हा पिनकोड स्पष्ट नोंदविणे इष्ट. ‘अमुक बँकेच्या मागे’ यांसारख्या खुणा परदेशी वाचकास निरुपयोगी ठरतात.

दूरध्वनी क्रमांकात ०२२ ऐवजी +९१ २२ असे लिहावे. परदेशातून क्रमांक फिरविताना आरंभीचे शून्य गळते, ही गोष्ट ग्राहकाने ओळखावी अशी अपेक्षा ठेवू नये.

भाषा आणि आकार

कार्डाच्या मागील बाजूस ग्राहकाच्या भाषेत मजकूर छापण्याची पद्धत उपयुक्त आहे. परंतु नावाचे लिप्यंतर उच्चारावरून व्हावे. जपानीत ‘र’ आणि ‘ल’ यांना वेगळी अक्षरे नाहीत, त्यामुळे तज्ज्ञाकडून तपासणी आवश्यक ठरते. चिनी मजकूर मुख्य चीनसाठी सरलीकृत, तर तैवान व हाँगकाँगसाठी पारंपरिक लिपीत असावा. अमेरिकेत कार्ड साधारण ८९ × ५१, पश्चिम युरोपात ८५ × ५५, तर जपानमध्ये ९१ × ५५ मिलिमीटर असते. जपानमध्ये कार्ड दोन्ही हातांनी, मजकूर घेणाऱ्याकडे करून दिले जाते आणि मिळालेले कार्ड वाचल्याविना खिशात टाकणे असभ्य मानले जाते.

आता कार्डावर क्यूआर कोड छापला जातो. त्यामागील संपर्क-नोंदीतही नाव व आडनाव यांसाठी स्वतंत्र रकाने असतात. ते चुकीचे भरल्यास कागदावरील चूक थेट ग्राहकाच्या दूरध्वनीत उतरते.

निष्कर्ष

परदेशी ग्राहकासाठी स्वतःचे नाव तोडण्याची किंवा बदलण्याची गरज नाही; ते अचूक वाचता येईल असे मांडण्याची आहे. वाणिज्य शाखेच्या अध्यापनात विद्यार्थ्यांकडून अशी दोन कार्डे, एक स्थानिक व एक परदेशी ग्राहकासाठी, तयार करून घेतल्यास वाचकानुसार मजकूर कसा बदलतो हे व्यावसायिक संप्रेषणाचे मूलतत्त्व त्यांना प्रत्यक्ष उमगेल.