रुग्णनोंदींची देवाणघेवाण आणि संमतीची भाषा

अर्ज, निवेदन, इतिवृत्त या लेखनप्रकारांचा अभ्यास तुम्ही केला आहे. आता ज्याचा विचार व्यावहारिक मराठीच्या पुस्तकांत सहसा होत नाही, अशा एका लेखनाकडे वळू. ते म्हणजे रुग्णालयातील केसपेपर. तो डॉक्टर लिहितात. पण त्यातील पूर्वेतिहासाची पहिली ओळ बहुधा तुमच्या किंवा तुमच्या नातेवाइकांच्या तोंडची असते, आणि विम्याचा दावा मंजूर होणे अनेकदा त्या ओळीवर अवलंबून राहते.

समजा, पायाची जखम चिघळल्यामुळे तुमच्या सासूबाईंना रात्री दाखल करावे लागले. निवासी डॉक्टर आधीचे आजार विचारतात. तुम्ही घाईत सांगता, “साखरेचा त्रास आहे, पाचेक वर्षे झाली असतील.” केसपेपरवर नोंद होते : ‘के/सी/ओ डीएम, 5 वर्षे’, म्हणजे ‘मधुमेहाचा ज्ञात रुग्ण, 5 वर्षांपासून’. या दोन वाक्यांची तुलना करा. ‘पाचेक’ या शब्दातील ‘एक’ अदमास दाखवतो. ‘असतील’ हे रूप संभाव्यता दाखवते. बोलणाऱ्याला खात्री नाही, हे मराठी ऐकणाऱ्याला त्यावरून कळते. नोंदीत या दोन्ही खुणा गळल्या. माहिती सुनेने दिली, रुग्णाने नव्हे, हेही गळले. उरला एक नेमका आकडा.

डॉक्टरांच्या दृष्टीने यात फारसे बिघडत नाही. त्यांना उपचारासाठी मधुमेह आहे एवढे कळणे पुरेसे असते. विमा कंपनीचा वाचक त्याच ओळीला वेगळा प्रश्न विचारतो : आजार पॉलिसीच्या आधीचा की नंतरचा? विमा नियामक प्राधिकरणाच्या 2024 च्या नियमांनुसार पॉलिसी घेण्यापूर्वीच्या 36 महिन्यांत ज्याचे निदान झाले किंवा ज्यावर उपचार घेतले वा सुचवले गेले, तो ‘आधीपासूनचा आजार’; त्यासाठी प्रतीक्षा कालावधी जास्तीत जास्त 36 महिन्यांचा असू शकतो. पॉलिसी दोन वर्षांपूर्वीची असेल आणि मधुमेहाचे निदान प्रत्यक्षात मागील वर्षी झाले असेल, तर तुमचे ‘पाचेक’ महागात पडू शकते. पॉलिसी सलग 60 महिने चालू राहिल्यानंतर मात्र सिद्ध झालेल्या फसवणुकीखेरीज, माहिती दडवल्याच्या कारणावरून दावा नाकारता येत नाही.

पूर्वी ही नोंद रुग्णालयाच्या कपाटात राहत असे आणि तिच्या छायाप्रती टीपीएकडे जात. आता मार्ग बदलत आहेत. 27 सप्टेंबर 2021 रोजी आयुष्मान भारत डिजिटल मिशनचा देशव्यापी आरंभ झाला. त्यातील ‘आभा’ हा 14 अंकी क्रमांक ऐच्छिक आहे. अनेकांचा समज असतो तसे सर्वांचे कागद दिल्लीतील एकाच संगणकात साठवले जात नाहीत; नोंद ज्या रुग्णालयात झाली तेथेच राहते आणि तुमच्या संमतीनंतर मागणाऱ्याकडे पाठवली जाते. चालू उपचाराच्या दाव्यासाठी मार्ग वेगळा आहे. त्यासाठी ‘नॅशनल हेल्थ क्लेम्स एक्स्चेंज’ ही रुग्णालये आणि विमा कंपन्या यांच्यातील सामाईक व्यवस्था उभारण्यात आली असून, तेथे कागदपत्रे ठरावीक साच्यात पाठवली जातात. कॅशलेस उपचाराच्या पूर्वमंजुरीवर एका तासात आणि रुग्णालयातून सोडताना अंतिम मंजुरीवर तीन तासांत निर्णय द्यावा, असे नियामकाने मे 2024 मध्ये बजावले. बिलाच्या खिडकीपुढे दिवस काढलेल्या कोणालाही याचे मोल सांगावे लागणार नाही. मात्र तासाभरात निर्णय घेणारा माणूस ‘हे नेमके कोणी सांगितले?’ असे विचारायला दूरध्वनी करील, ही शक्यता कमीच.

साच्यात बसवण्यासाठी आजारांना सांकेतिक क्रमांक द्यावे लागतात. जागतिक आरोग्य संघटनेच्या वर्गीकरणाच्या दहाव्या आवृत्तीत ‘आय 10’ म्हणजे उच्च रक्तदाबाचा आजार, ‘आर 03.0’ म्हणजे रक्तदाब वाढलेला आढळला, पण त्या आजाराचे निदान झालेले नाही. बोलताना आपण दोन्हींना ‘बीपी आहे’ म्हणतो. संकेतांची ही भाषा येथे आपल्या बोलीपेक्षा अधिक काटेकोर आहे, हे मान्य करायला हवे. प्रश्न इतकाच की ‘बीपी आहे’ ऐकून नोंद करणारा कोणता क्रमांक निवडतो.

आता संमतीकडे वळू. आपल्याकडील छापील फॉर्मवर ‘माझी हरकत नाही’ हे वाक्य सर्रास आढळते. हरकत नसणे आणि संमती देणे या दोन वेगळ्या भाषिक कृती आहेत. पहिलीत विरोधाचा अभाव आहे. दुसरीत कर्ता स्वतः काही करतो. 2023 च्या डिजिटल वैयक्तिक विदा संरक्षण कायद्याने दुसरीच मागितली आहे : संमती मुक्त, विशिष्ट, माहितीपूर्ण, बिनशर्त व निःसंदिग्ध असावी आणि स्पष्ट होकारात्मक कृतीने दिलेली असावी. संमतीची विनंती इंग्रजीत किंवा आठव्या अनुसूचीतील कोणत्याही भाषेत, म्हणजे मराठीतही, वाचण्याचा पर्याय मिळाला पाहिजे, असेही त्यात म्हटले आहे. हा कायदा टप्प्याटप्प्याने लागू होत आहे. कायद्याच्या मजकुरातच एक बोलके उदाहरण आहे : दूरस्थ वैद्यकीय सल्ला देणाऱ्या ॲपने उपचारासोबत फोनमधील संपर्कयादीही मागितली आणि रुग्णाने दोन्हींना होकार दिला, तरी संमती उपचाराला आवश्यक माहितीपुरतीच मानली जाईल.

याउलट विम्याच्या प्रस्तावपत्रातील घोषणा पाहा. ‘कोणत्याही’ डॉक्टरकडून, ‘कोणत्याही’ वेळची वैद्यकीय माहिती मिळवण्यास मुभा, अशा आशयाचे वाक्य तेथे असते. ‘आभा’च्या संमतीत मात्र उद्देश, नोंदींचा प्रकार, कोणत्या तारखांमधील नोंदी आणि परवानगीची मुदत ही चारही ठिकाणे भरावी लागतात, दिलेली संमती मागेही घेता येते. माझ्या मते संमतीपत्र वाचताना क्रियापदाइतकेच लक्ष ‘कोणत्याही’, ‘सर्व’, ‘आवश्यक ते’ या शब्दांकडे द्यावे. परवानगीची व्याप्ती ते ठरवतात.

पूर्वेतिहास सांगताना निदानाची तारीख ठाऊक नसेल, तर ‘तारीख माहीत नाही’ असेच सांगावे आणि तसेच लिहून घेण्यास सांगावे. रुग्णालय सोडण्यापूर्वी डिस्चार्ज कार्डावरील ही ओळ डॉक्टरांकडून समजून घ्यावी. ती चुकली असेल, तर पहिल्या तपासणीचा अहवाल किंवा औषधाची जुनी चिठ्ठी दाखवून तेथेच लेखी दुरुस्ती मागावी. वैयक्तिक माहिती दुरुस्त करून घेण्याचा हक्क वरील कायद्यातही आहे.

स्वाध्याय : घरातील एखादे जुने डिस्चार्ज कार्ड घ्या. त्यातील पूर्वेतिहासाची नोंद मराठीत लिहा आणि मूळ माहिती देणाऱ्याने ती कोणत्या शब्दांत सांगितली होती, हे त्यालाच विचारून तिच्याखाली लिहा. दोहोंतील कालवाचक शब्द अधोरेखित करा.