समजून घ्या : ‘एक्झिट’ केलं तरी क्लाउडवरच्या मशीनचं बिल का वाढतं?

अंधेरी-घाटकोपर मेट्रोत लॅपटॉप मिटला की काम थांबलं असं वाटतं. क्लाउडवर भाड्याने घेतलेलं व्हर्च्युअल मशीन मात्र चालूच राहतं. कमांड लाइनवर ‘एक्झिट’ टाइप केल्यावर फक्त तुमची जोडणी तुटते, मशीन बंद होत नाही. नवशिक्यांची गफलत बहुतेकदा इथेच होते.

व्हर्च्युअल मशीन म्हणजे मोठ्या सर्व्हरमध्ये सॉफ्टवेअरने उभा केलेला स्वतंत्र संगणक. चाळीसारखंच: इमारत एक, बिऱ्हाडं अनेक. अ‍ॅमेझॉनच्या एडब्ल्यूएसने जून २०१६ मध्ये, तर गुगल क्लाउडने २०१७ मध्ये मुंबई रीजन सुरू केलं. तेव्हापासून बोरिवलीत बसून घेतलेलं मशीन सिंगापूरऐवजी मुंबईतच मिळू लागलं.

वेबसाइटवर बटणं असताना कमांड कशाला? वीस मशीन्स एका ओळीत थांबवता येतात, तीच ओळ रोज रात्री आपोआप चालवता येते. धोकाही त्यातच आहे. एडब्ल्यूएसची कमांड ‘नक्की ना?’ असं विचारत बसत नाही.

‘स्टॉप-इन्स्टन्सेस’ दिल्यावर मशीन थांबतं आणि त्याचं भाडंही थांबतं. डिस्क तशीच राहते, तिचं भाडं चालू राहतं. कायमचा आयपी पत्ता राखून ठेवला असेल तर फेब्रुवारी २०२४ पासून त्याचे तासाला ०.००५ डॉलर, म्हणजे महिन्याला साधारण ३.६ डॉलर लागतात. ‘टर्मिनेट-इन्स्टन्सेस’ दिलं की मात्र मशीन कायमचं जातं. मूळ सेटिंग बदललेलं नसेल, तर मुख्य डिस्कही पुसली जाते आणि तिच्यावरचा प्रोजेक्टही.

गंमत म्हणजे, स्वतःच्या लिनक्स संगणकावर ‘व्हर्श’ वापरणाऱ्यांसाठी ‘डिस्ट्रॉय’ हा भयानक शब्द तुलनेने सौम्य आहे. त्याने काहीच डिलीट होत नाही, फक्त प्लग उपटल्यासारखं मशीन बंद पडतं. सेव्ह न केलेलं काम तेवढं जाऊ शकतं. नीट बंद करायचं तर ‘शटडाउन’.

सर्वांत फसवी गोष्ट वेगळीच आहे. एडब्ल्यूएसची कमांड एका वेळी एकाच रीजनमध्ये बघते. सेटिंगमध्ये अमेरिकेतलं रीजन असेल, तर ‘डिस्क्राइब-इन्स्टन्सेस’ रिकामी यादी दाखवते आणि मुंबईतलं मशीन बिल वाढवत राहतं. यादी मागताना ‘--रीजन एपी-साउथ-१’ जोडलं की ते दिसतं. दुसऱ्या रीजनमध्ये कधी प्रयोग केला असेल, तर तिथेही एकदा डोकावायला हवं.