मिश्र प्लास्टिक : त्याचे बळ आणि उष्णतेपुढील टिकाव

प्लास्टिक हा एकच पदार्थ आहे, अशी सर्वसाधारण समजूत आढळते. वस्तुतः ‘धान्य’ या शब्दात जशी ज्वारी, तूर व तांदूळ ही सर्व येतात, तसेच ‘प्लास्टिक’ हे एका मोठ्या कुलाचे नाव होय. पाण्याची बाटली पीईटीची, तिचे झाकण पॉलिइथिलीनचे वा पॉलिप्रॉपिलीनचे, दुधाची पिशवी पॉलिइथिलीनची, तर नळाचा पाइप बहुधा पीव्हीसीचा असतो. नागपूर शहराचा कचरा भांडेवाडीस जातो. खेड्यातील कचरा मात्र पुष्कळदा नाल्यात, परसात किंवा चुलीत जातो. म्हणून हा भेद ग्रामीण शाळेत समजावून देणे अगत्याचे आहे.

जुने प्लास्टिक वितळवून नवी वस्तू करता येते. परंतु निरनिराळी प्लास्टिके एकत्र वितळविली असता ती वस्तू कमकुवत का होते? याची मुख्य कारणे दोन.

पहिले कारण रेणूंच्या रचनेचे. प्लास्टिकचे रेणू लांब साखळीसारखे असतात. एका जातीच्या साखळ्या परस्परांत गुंतून राहतात व त्यामुळे वस्तूस बळ येते. भिन्न जातींच्या साखळ्या मात्र तेल व पाणी यांप्रमाणे बहुधा अलगच राहतात. रस थंड झाल्यावर एका प्लास्टिकचे सूक्ष्म थेंब दुसऱ्यात अडकून बसतात. त्यांच्या सीमेवर पकड नसते. धक्का बसताच तडा तेथूनच सुरू होतो. पॉलिइथिलीन व पॉलिप्रॉपिलीन ही दिसावयास भावंडे. तरीही ती एकजीव होत नाहीत. कारखान्यात दोहोंना धरून ठेवणारा तिसरा पदार्थ अल्प प्रमाणात घालतात; तेव्हा मिश्रणाची धक्का सोसण्याची शक्ती वाढते.

दुसरे कारण उष्णतेचे. पिशव्यांचे मऊ पॉलिइथिलीन सुमारे ११०, डब्यांचे कठीण पॉलिइथिलीन सुमारे १३०, पॉलिप्रॉपिलीन सुमारे १६० व पीईटी सुमारे २५० अंश सेल्सिअसला वितळते. तूर व तांदूळ एकाच वेळी चुलीवर ठेवले, तर तूर शिजेपर्यंत भाताचा लगदा होतो; तद्वतच हे आहे. पीईटी वितळेल इतक्या उष्णतेत पीव्हीसीचे विघटन होऊन हायड्रोक्लोरिक आम्लाची वाफ निघते व ती पीईटीच्या साखळ्याही तोडते. शिवाय प्रत्येक वितळणीत काही साखळ्या तुटतात. विदर्भाचे कडक ऊनही हेच करते. अंगणात वर्षानुवर्षे राहिलेली खुर्ची ठिसूळ होते, ती यामुळेच. म्हणून पुनर्निर्मित मालात साखळ्यांचे रक्षण करणारी द्रव्ये पुन्हा घालावी लागतात.

मिश्र प्लास्टिक सर्वस्वी निरुपयोगी मात्र नव्हे. मदुराई येथील प्रा. राजगोपालन वासुदेवन यांनी टाकाऊ प्लास्टिकचा लेप तापविलेल्या खडीवर देऊन डांबरी रस्ते करण्याची पद्धती काढली. २०१८ साली त्यांना पद्मश्री देण्यात आली. या कामातही पीव्हीसी वगळावे लागते.

वर्गात पुढील प्रयोग करावा. पाण्याची रिकामी बाटली व तिचे झाकण यांचे लहान तुकडे शिक्षकांनी स्वतः कापावेत. काचेच्या भांड्यातील पाण्यात साबणाचा एक थेंब टाकून तुकडे पूर्ण बुडवावेत व त्यांस चिकटलेले हवेचे बुडबुडे काढावेत. झाकणाचा तुकडा वर येतो, बाटलीचा तळाशी जातो. कारण पीईटी पाण्याहून जड आहे. या साध्या गुणाचा उपयोग कारखान्यातही निवडीसाठी करतात. निवडलेल्या मालाचे पुढे काय करावयाचे, याचे शास्त्र नागपुरातच, १९४२ साली स्थापन झालेल्या लक्ष्मीनारायण संस्थेत शिकविले जाते, हेही मुलांस सांगावे.

वितळविण्याचा अथवा जाळण्याचा प्रयोग मात्र कदापि करू नये. चूल पेटविण्यासाठी पिशवी वापरण्याची सवय घातक आहे. तिचा धूर प्रथम स्वयंपाक करणारी माता व जवळ बसलेले मूल यांच्या छातीत जातो. शाळेत बाटल्या, पिशव्या व झाकणे यांसाठी वेगवेगळी पोती ठेवावीत. वेगळा व स्वच्छ ठेवलेला मालच पुन्हा मजबूत वस्तू होऊ शकतो, आणि ही निवड करण्यास यंत्र लागत नाही. मुलांचे डोळस हात पुरतात.