सहाध्यायी-मध्यस्थी : शालेय कलह-निराकरणाची एक पद्धती

शाळेतील लहानमोठे कलह विद्यार्थ्यांनी प्रशिक्षित समवयस्काच्या साहाय्याने स्वतःच मिटवावेत, या पद्धतीस सहाध्यायी-मध्यस्थी म्हणता येईल. तिचा पद्धतशीर विकास मुख्यतः अमेरिकेत झाला. न्यूयॉर्कच्या शाळांत १९७२ मध्ये शांततावादी क्वेकर पंथाच्या कार्यकर्त्यांनी कलह-निराकरणाचे उपक्रम आरंभिले. पुढे १९८०च्या दशकात सॅन फ्रान्सिस्कोच्या ‘कम्युनिटी बोर्ड्स’ संस्थेने वस्त्यांतील तंटे मिटविण्याची आपली रीत शाळांत नेली. मिनेसोटा विद्यापीठातील डेव्हिड व रॉजर जॉन्सन या बंधूंनी निवडक मुलांऐवजी वर्गातील प्रत्येकालाच आळीपाळीने मध्यस्थ नेमण्याचा आग्रह धरला. मला हा मार्ग अधिक न्याय्य वाटतो. कारण त्यात भांडखोर ठरविलेले मूलही मध्यस्थाच्या जागी बसते.

मध्यस्थीमागील विचाराचे मूळ व्यवस्थापन-विचारवंत मेरी पार्कर फॉलेट यांच्या १९२५ च्या व्याख्यानात सापडते. ग्रंथालयात एका वाचकास खिडकी उघडी हवी होती, फॉलेट यांना बंद. त्यांना अंगावर येणारा वारा नको होता, त्याला मोकळी हवा हवी होती. शेजारच्या खोलीतील खिडकी उघडताच दोघांचेही समाधान झाले. मागणी आणि तिच्यामागील गरज यांतील हा भेद ओळखणे, हेच मध्यस्थाचे मुख्य शिक्षण होय.

प्रत्यक्ष बैठकीत दोन्ही पक्ष प्रथम नियम मान्य करतात : मध्ये बोलायचे नाही, अपशब्द वापरायचे नाहीत, खरे सांगायचे. मग प्रत्येकजण आपली बाजू मांडतो आणि मध्यस्थ ती स्वतःच्या शब्दांत पुन्हा सांगतो. ही पायरी सर्वांत कठीण आणि सर्वांत फलदायी आहे. आपले म्हणणे दुसऱ्याच्या तोंडून नीट ऐकू आले की मुलाचा आवाज आपोआप उतरतो. ‘तू नेहमी असाच वागतोस’ याऐवजी ‘मला वाईट वाटले, कारण…’ असे बोलण्याचा सरावही येथेच होतो. शेवटी पर्याय सुचविले जातात आणि करार लिहून त्यावर सह्या होतात. मध्यस्थ निवाडा देत नाही.

सातत्याची दादागिरी, मारहाण किंवा लैंगिक छळ यांत ही पद्धती वापरू नये. तेथे दोन्ही पक्ष समबल नसतात. पीडित मुलाला तडजोडीस बसविणे हा त्याच्यावर दुसरा अन्याय ठरतो.

भारतात राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा २००५ ने शांततेसाठी शिक्षणाचा स्वतंत्र विचार केला आहे. तो विचार वर्गात उतरविण्यासाठी मुख्याध्यापकांनी वेळापत्रकात सहाध्यायी-मध्यस्थीच्या सरावाला निश्चित तास आणि त्यासाठी एक प्रशिक्षित शिक्षक द्यावा.