व्हिसा म्हणजे गेटपास! परदेशातल्या प्रदर्शनाला जाण्याआधी एवढं समजून घ्या



कागल पंचतारांकित एमआयडीसीतल्या माझ्या दुकानात टूल्स घ्यायला येणारे बरेच जण हल्ली विचारतात, "सर, परदेशातलं प्रदर्शन बघायला जायचंय. टुरिस्ट व्हिसावर चालतंय काय?" व्हिडिओत यावर थोडक्यात बोललो, इथे नीट मांडतो. कारण विमानतळावरून परत पाठवलं तर तिकीट, हॉटेल, स्टॉलचं भाडं पाण्यात जातंच. शिवाय "याआधी प्रवेश नाकारला होता का?" हा प्रश्न पुढे अनेक देशांच्या अर्जात येतो आणि तिथे खरंच लिहावं लागतं.

1. व्हिसा मिळाला म्हणजे आत गेलो, असं नाही

आपल्या एमआयडीसीत मोठ्या कंपनीत जाताना काय होतं? परचेसवाल्या साहेबांनी बोलावलेलं असतं, तरी गेटवर सिक्युरिटी विचारतोच: कुणाला भेटायचं, काय काम, बॅगेत काय? व्हिसाचंही तसंच आहे. व्हिसा तुम्हाला गेटपर्यंत नेतो. आत सोडायचं का आणि किती दिवस, हे तिथला इमिग्रेशन अधिकारी ठरवतो. आणि पहिली तपासणी आपल्याकडेच, मुंबई, पुणे किंवा गोव्याच्या विमानतळावर होते.

2. पासवर कारण काय लिहिलंय?

व्हिजिटर पासवर आत जाऊन तुम्ही शॉपफ्लोअरवर वेल्डिंग करत नाही ना? मग कारण आणि व्हिसा जुळलाच पाहिजे. चीनचा पर्यटनाचा व्हिसा 'एल' प्रकारचा, व्यापाराचा 'एम' प्रकारचा. ग्वांगझूच्या कँटन फेअरला सप्लायर शोधायला जाताय तर 'एम'साठी निमंत्रणपत्र मिळवा. जर्मनीत ड्युसेलडॉर्फला फाउंड्री उद्योगाचं 'गिफा' प्रदर्शन दर चार वर्षांनी भरतं, पुढचं 2027 मध्ये आहे. त्यासाठी शेंगेन व्हिसाच्या अर्जात कारण 'व्यवसाय' असंच लिहा आणि प्रदर्शनाची कागदपत्रं जोडा. भेटीगाठी, चर्चा, ऑर्डरची बोलणी एवढं बिझनेस व्हिसात बसतं. तिथे राहून पगारी काम करायचं असेल तर वेगळा परवाना लागतो.

3. व्हिसाची मुदत वेगळी, राहायचे दिवस वेगळे

सगळ्यात जास्त घोळ इथेच होतो. शेंगेन व्हिसावर समजा 1 जून ते 10 जुलै लिहिलंय आणि मुक्काम 15 दिवस. म्हणजे त्या चाळीस दिवसांत फक्त 15 दिवस राहता येतं. पोहोचायचा आणि निघायचा, दोन्ही दिवस धरायचे. एकूण मर्यादा कोणत्याही 180 दिवसांत 90 दिवस. 12 ऑक्टोबर 2025 पासून तिथे शिक्क्याऐवजी संगणकीय नोंद सुरू झाली आहे, त्यामुळे जास्त दिवस राहिलात तर ते लगेच दिसतं.

4. व्हिसा फ्री म्हणजे नियम फ्री नव्हे

थायलंडने जुलै 2024 मध्ये भारतीयांना 60 दिवसांपर्यंत व्हिसाशिवाय प्रवेश दिला. पण 1 मे 2025 पासून पोहोचण्याआधीच्या तीन दिवसांत डिजिटल अरायव्हल कार्ड भरणं सक्तीचं केलं. ते मोफत आहे. पैसे मागणारी वेबसाइट दिसली तर थांबा. सरकारी पत्त्याच्या शेवटी डॉट जीओ डॉट टीएच असतं. आणि असे नियम बदलत राहतात, म्हणून तिकीट काढण्याआधी दूतावासाची वेबसाइट बघाच. गेल्या वर्षी जाऊन आलेल्या मित्राच्या सांगण्यावर विसंबू नका.

5. सॅम्पलचा पास वेगळा

मटेरियल बाहेर नेऊन परत आणायचं असेल तर आपण रिटर्नेबल गेटपास करतो. परदेशी प्रदर्शनासाठी तसाच कागद म्हणजे 'एटीए कार्नेट'. भारतात तो फिक्की देते. जास्तीत जास्त वर्षभराची मुदत, आणि तो स्वीकारणाऱ्या देशांत तात्पुरत्या नेलेल्या सॅम्पलवर तिथली ड्युटी भरावी लागत नाही. मात्र ती कास्टिंग तिथेच विकून यायची नाहीत. नेलेलं सगळं परत आणायचं.

निघण्याआधीची फाइल

- पासपोर्ट: बऱ्याच देशांना किमान सहा महिन्यांची मुदत शिल्लक लागते
- परतीचं तिकीट, हॉटेल बुकिंग
- निमंत्रणपत्र किंवा प्रदर्शनाची नोंदणी
- उद्यम नोंदणी, जीएसटी प्रमाणपत्र, बँक स्टेटमेंट
- प्रवास विमा: शेंगेनसाठी किमान 30,000 युरोचं वैद्यकीय संरक्षण
- या सगळ्याची प्रिंट. मोबाइलची बॅटरी कधी संपेल सांगता येत नाही

काउंटरवर विचारतील तेवढंच, खरं आणि थोडक्यात सांगा. "पाच दिवस, कास्टिंगचं प्रदर्शन, हे हॉटेल, हे परतीचं तिकीट." इंग्रजी मोडकंतोडकं असलं तरी चालतं, बोलणं आणि कागद यांत फरक दिसला तर मात्र अडकाल. एजंटने अर्जात काय भरलंय, ते सही करण्याआधी स्वतः वाचा. सही तुमची, जबाबदारीही तुमचीच.

आजचं काम एकच: कपाटातला पासपोर्ट काढा आणि शेवटची तारीख बघा. मुदत कमी उरली असेल तर आधी नूतनीकरण, मग स्टॉलचं बुकिंग. भेटू पुढच्या व्हिडिओत!