उन्हाळ्याचे शिबिर आणि गावची सगळी मुले

मुलांसाठी उन्हाळी शिबिर भरवावे असे म्हटले की पुष्कळांच्या डोळ्यांपुढे चित्रकला, हस्ताक्षर आणि शेवटच्या दिवशी पालकांपुढे नाचगाणे एवढेच उभे राहते. त्याला आमची हरकत नाही. परंतु त्याला शिकवणी म्हणतात, आणि ज्याच्या खिशात पैसे आहेत त्याच्या मुलाला ती बारमाही मिळते. शिबिराचे मोल निराळे आहे. जी मुले एरवी एका पंगतीला बसत नाहीत, ती तेथे आठ दिवस एकत्र जेवतात, एकत्र निजतात आणि एकमेकांची भांडी घासतात.

हे काम शाळा करीत नाही काय, अशी शंका येथे निघेल. आमच्या मानोरा तालुक्यापुरते बोलायचे तर शाळेला ते पुरते साधत नाही, आणि त्याचे एक मोठे कारण ऊस आहे.

मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबे दिवाळीच्या सुमारास तांड्यावरून ऊसतोडीला निघतात. नवराबायको मिळून एक कोयता. त्यांच्यामागे मूलही जाते. कारखान्याचे गाळप आटोपते ते मार्च-एप्रिलमध्ये. रामनवमीला पोहरादेवीची यात्रा भरते त्या सुमारास तांड्यांवर पुन्हा चुली पेटू लागतात. म्हणजे या मुलाच्या वाट्याला शाळा येते ती पावसाळ्यापासून दिवाळीपर्यंत. इकडे गावातल्या दुकानदाराचा किंवा नोकरदाराचा मुलगा शिकायला वाशीम, अकोला, अमरावतीला ठेवलेला असतो. तोही घरी येतो सुट्टीतच. मागे राहणाऱ्या मुलांसाठी सरकारने हंगामी वसतिगृहांची योजना केली. ती चांगलीच आहे. पण तिच्यामुळे तांड्याचे मूल आणि बाजारपेठेतले मूल शेजारी बसत नाही. गावची सगळी मुले गावात असतात असा महिना एकच, आणि तो मे.

त्याच महिन्यात शाळेतली खिचडीही बंद असते. दुष्काळी भागात सुट्टीतही मुलांना दुपारचे जेवण द्यावे, असा आदेश सर्वोच्च न्यायालयाने एप्रिल 2004 मध्ये दिला होता. न्यायालयाला हे सांगावे लागले, यावरून सुट्टी सर्वांना सारखीच गोड नसते एवढे तरी कळावे.

निरनिराळ्या घरची मुले एकत्र ठेवण्याचा प्रयोग आमच्याकडे नवा नाही. कर्मवीर भाऊराव पाटलांनी 1924 मध्ये साताऱ्यास वसतिगृह काढले. त्यात सर्व जातींची मुले एकत्र राहत आणि स्वयंपाकपाणी स्वतः करीत. 1927 मध्ये गांधीजींच्या हस्ते त्याला छत्रपती शाहूंचे नाव देण्यात आले. पुढे 4 जून 1941 रोजी राष्ट्र सेवा दल उभे राहिले. एस. एम. जोशी त्याचे पहिले दलप्रमुख. दलाच्या शिबिरांत मुलगे आणि मुली, सर्व जातिधर्मांचे, एकत्र खेळले आणि श्रमदानाला उतरले. विलायतेत बेडन-पॉवेल यांनी ऑगस्ट 1907 मध्ये ब्राउनसी बेटावर सुमारे वीस मुलगे नेले. त्यांतले निम्मे बड्या शाळांतले, निम्मे साध्या कामकरी घरांतले होते. बड्या घरच्याकडून एक पौंड घेतला आणि इतरांकडून साडेतीन शिलिंग. फुकट कोणालाच नेले नाही, ही गोष्ट आम्हांला फार महत्त्वाची वाटते. तिच्याकडे पुन्हा येऊ.

नुसती मुले एकत्र आणली की ती एक होतात असा मात्र कोणाचा समज असेल तर तो सोडावा. मुझफर शेरीफ नावाच्या मानसशास्त्रज्ञाने 1954 च्या उन्हाळ्यात अमेरिकेतील ओक्लाहोमा प्रांतात शिबिर मांडले. अकरा वर्षांच्या आसपासचे बावीस मुलगे, सगळे सारख्याच घरचे. त्यांचे दोन गट करून निरनिराळे ठेवले, मग त्यांच्यांत बक्षिसांच्या स्पर्धा लावल्या. थोड्याच दिवसांत त्यांनी एकमेकांची निशाणे जाळली आणि खोल्यांवर धाडी घातल्या. समेटासाठी एकत्र जेवायला बसवले, तर ताटातले अन्न एकमेकांवर फेकले! अखेर पाण्याचा नळ बंद पडला (पाडला होता, हे मुलांना ठाऊक नव्हते), तेव्हा सगळे मिळून तो शोधायला निघाले. पुढे जेवण आणणारी मोटार चालू होईना. ती त्यांनी दोर बांधून ओढली, आणि तो दोर रस्सीखेचीत वापरलेलाच होता. परतताना सगळे एकाच गाडीतून गेले.

संघटनेच्या कामात आमची अनेक वर्षे गेली. हमाल आणि मापाडी सभेत एकत्र बसवून एक होत नाहीत. थकलेल्या मजुरीसाठी एका दारी धरणे धरून बसले आणि दुपारी एका परातीतली भाकर खाल्ली, की मग होतात. म्हणून हा दोर वाचला तेव्हा आम्हांला नवल वाटले नाही. नवल वाटले ते त्याआधीच्या प्रयोगाचे. 1953 मध्ये शेरीफनेच दुसऱ्या एका शिबिरात मुलांना आधी एकमेकांशी मैत्री करू दिली आणि नंतर त्यांचे गट पाडले. त्यांच्यांत वैर लावण्याचे सगळे डाव फसले. उलट मुलांना मोठ्या माणसांचाच संशय आला! आमच्याकडे पहिल्याच सकाळी गट पाडून स्पर्धा लावतात, त्यांनी हे ध्यानात घ्यावे. आधी दोन दिवस सगळ्यांनी मिळून पाणी भरावे, भाज्या चिराव्या, सावलीला मांडव घालावा. स्पर्धा लावायच्याच तर त्यानंतर लावाव्या.

आता शुल्काची गोष्ट. एका गावच्या शिबिरात गरीब मुलांना विनामूल्य प्रवेश होता. हेतू चांगला होता. पण उद्घाटनाला त्या मुलांना रांगेत उभे केले आणि त्यांच्यासमोर देणगीदारांचा सत्कार झाला. तिसऱ्या दिवशी आमच्या एका हमालाचा मुलगा जाईना. बाप आमच्याकडे येऊन म्हणाला, “भाऊ, पोट्ट्याले तिथं फुकट्या म्हणतात. जातच नाही म्हणते आता.” दोन मुलांच्या भांडणात निघालेला शब्द असेल, पण तो शब्द मुलांना पुरवला मोठ्यांनी. आमचे मत असे की प्रत्येक घरातून काहीतरी यावेच. कोणी शंभर रुपये, कोणी दहा, कोणी शेरभर तुरीची डाळ, कोणी बापाचे दोन दिवसांचे श्रम. कोणी काय दिले हे एका वहीत राहावे आणि ती वही एकाच माणसाजवळ असावी. तो माणूस फार बोलका नसावा.

वऱ्हाडातले ऊन लक्षात घेता कामे आणि खेळ सकाळी दहाच्या आत व संध्याकाळी पाचनंतर ठेवावे. दुपारी गोष्टी, वाचन, झोप. जागेला शाळेच्या खोल्या पुरतात. पाण्याची सोय मात्र आधी पाहावी, कारण मे महिन्यात गावातले पाणी हा मुळातच भांडणाचा विषय असतो.

एक अडचण मात्र आम्हांला आरंभी सुचलीच नव्हती. तांड्यावर मुलांची नावे घ्यायला गेलो, तेव्हा मुलगे धावत आले आणि मुली दारात उभ्या राहिल्या. जवळजवळ प्रत्येकीच्या कडेवर धाकटे भावंड. आई मजुरीला गेलेली. मग हिने यावे कसे? लेकराला घेऊन ये म्हटले, तेव्हा यादीत एकदम अकरा नावे वाढली. तेव्हापासून शिबिराच्या सामानात आम्ही चार जुनी लुगडी आणि दोर घेतो, वर्गाच्या आढ्याला झोळ्या बांधायला. झोका देण्याची पाळी मुलग्यांवरही येते. पहिल्या दिवशी ते लाजतात.